धूर गेला, वाफ आली : हृदयाचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यांतील कामठा हें गांव एके काळीं भंडारा जिल्ह्यांतील एका मोठ्या जमीनदारीचें ठाणें म्हणून ओळखलें जात असे. १९९९ सालीं भंडाऱ्यांतून गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हां कामठा त्यांत आलें. गांवाभोंवतीं धानाचीं शेतें, आणि जिल्ह्याच्या जंगलांत तेंदूचीं झाडें. पश्चिम महाराष्ट्रांत यांनाच टेंभुर्णी म्हणतात. उन्हाळा चढूं लागला कीं या झाडांचीं पानें तोडून त्यांचे पुडे बांधतात व ते उन्हांत वाळवितात. पुढें याच पानांत तंबाखू वळून विडी तयार होते. धानाच्या गिरण्यांइतकेंच विडीच्या व्यापारानेंहि गोंदियाचें नांव दूरवर नेलें. त्यामुळें या भागांतील एखाद्या वृद्धाच्या कानामागें अथवा बंडीच्या खिशांत विडी दिसली, तर कोणास नवल वाटत नाहीं.

अशाच एका घराची कल्पना करावी. आजोबांना चाळीस वर्षांची विडीची संवय. अलीकडे बांधावरून भरभर चालतांना त्यांच्या छातींत दाटून येतें, थांबलें कीं बरें वाटतें. पण तें ते कोणास सांगत नाहींत. नातू पुण्यास नोकरीला. दिवाळीस घरीं येतांना तो शाईच्या पेनाएवढी एक चकचकीत नळी घेऊन येतो आणि म्हणतो, "आजोबा, विडी सोडा अन् ही ओढून पहा. हिच्यांत धूर नाहीं, राख नाहीं. नुसती वाफ आहे." नातवाच्या मनांत माया आहे यांत शंका नाहीं. तो स्वतः दोन वर्षें तीच ओढीत आहे, आणि त्याला कांहीं झालेलें दिसत नाहीं. आजोबा नळी हातांत घेऊन उलटसुलट करून पाहतात. "नुसती वाफ" या दोन शब्दांत खरें किती आणि खोटें किती, याचा निर्णय त्या घरांत लागावयाचा आहे. आणि तो दोन हृदयांपुरता आहे, एक जुनें व एक तरुण.

प्रथम ही नळी म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. धुराविना सिगारेट ही कल्पना फार नवी नाहीं. अमेरिकेंत हर्बर्ट गिल्बर्ट यानें १९६३ सालीं अशा उपकरणाच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि १९६५ सालीं त्यास तें मिळालें. परंतु त्याचें उपकरण बाजारांत रुजलें नाहीं. आज जी ई-सिगारेट किंवा 'व्हेप' जगभर पसरली आहे, तिचा उगम २००३ च्या सुमारास चीनमध्यें होन लिक नांवाच्या औषधशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून झाला. तिची रचना सोपी आहे. एका टोंकास लहान बॅटरी, मध्यें धातूच्या तारेचें वेटोळें, त्या वेटोळ्यांत कापसाची वात, आणि वातीस भिजविणारा एक द्रव. तोंडानें ओढतांच तार तापते, द्रव उडतो व थंड होतांना त्याचें दाट धुकें बनतें. तेंच छातींत जातें.

म्हणजे ही वाफ किटलींतील पाण्याची वाफ नव्हे. द्रवाचा मुख्य भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचा असतो. त्यांत बहुधा निकोटीन आणि फळांच्या, पुदिन्याच्या किंवा मिठाईच्या स्वादांसाठीं घातलेलीं रसायनें असतात. हे पदार्थ खाण्यांत चालतात म्हणून श्वासांतहि चालतील, असा तर्क पुष्कळदा केला जातो. तो फसवा आहे. जठर आणि फुप्फुस हीं भिन्न इंद्रियें आहेत. तूप पोटांत गेलें तर पोषण करितें, फुप्फुसांत गेलें तर प्राणावर बेततें. शिवाय तापलेल्या तारेवर या द्रवांचें थोडें विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड व अ‍ॅक्रोलीन हीं दाहक द्रव्यें निर्माण होतात. तार जितकी अधिक तापावी व वात जितकी कोरडी पडावी, तितकें त्यांचें प्रमाण वाढतें. तारेंतील निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे अंशहि धुक्यांत आढळले आहेत.

नातवाच्या बाजूनें जें खरें आहे, तेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. विडींत पान व तंबाखू जळतात, आणि जळण्यामुळें दोन मोठीं विषें उत्पन्न होतात. एक डांबर, आणि दुसरें कार्बन मोनॉक्साईड. हा वायु रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्टपणें संलग्न होतो. त्यामुळें रक्त वाहतें, पण त्यांतून हृदयास मिळावयाचा प्राणवायु मिळत नाहीं. तेंदूचें पान सिगारेटच्या कागदाइतकें सच्छिद्र नसल्यानें विडी विझूं नये म्हणून ती पुनः पुनः व जोरानें ओढावी लागते, आणि हीं विषें अधिकच आंत जातात. ई-सिगारेटींत ज्वलन नाहीं, म्हणून कार्बन मोनॉक्साईड व डांबर यांपासून बहुतांशीं सुटका होते. हा लाभ लहान नाहीं. परंतु एक चोर घरांतून गेला म्हणजे घर सुरक्षित झालें असें होत नाहीं. उरलेले कोण, हें पाहावें लागतें.

उरलेल्यांत पहिलें निकोटीन. श्रोत्यांनीं आपल्या मनगटावर बोट ठेवून पहावें. निरोगी मनुष्याची नाडी विसाव्यांत मिनिटास सुमारें सत्तर ठोके देते. म्हणजे दिवसाला एक लाख. या प्रत्येक ठोक्यामागें हृदयास विसावा असतो, आणि त्या विसाव्यांतच हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून त्याला रक्त मिळतें. निकोटीन छातींत गेलें कीं कांहीं सेकंदांतच मेंदूपर्यंत पोंचतें. मज्जातंतू चाळविले जातात व अ‍ॅड्रेनॅलीन रक्तांत येतें. वाघ दिसल्यावर देहाची जी अवस्था व्हावी, तीच अवस्था माणूस पारावर बसलेला असतांना होते. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, धमन्या आवळतात. हृदयास काम अधिक आणि रसद कमी, असा हा प्रकार आहे. तरुण हृदय तें सोसतें. ज्या हृदयाच्या धमन्या आधींच अरुंद झाल्या आहेत, त्याला तें सोसेलच असें नाहीं. हें निकोटीन विडींतून आलें कीं नळींतून आलें, याची चौकशी हृदय करीत नाहीं.

दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांच्या अस्तराची. आपल्या धमन्या म्हणजे रबराच्या निर्जीव नळ्या नव्हेत. त्यांच्या आंतल्या बाजूस पेशींचा एकच पदर असलेलें नाजूक अस्तर असतें. रक्ताचा ओघ वाढला कीं हें अस्तर नायट्रिक ऑक्साईड नांवाचा वायु अल्प प्रमाणांत सोडतें. त्याच्या खुणेनें धमनीचा स्नायु सैल पडतो व वाट रुंद होते. हाच वायु रक्तबिंबिकांना एकमेकींस चिकटूं देत नाहीं, म्हणून निरोगी धमनींत रक्ताची गांठ सहसा होत नाहीं. या वायूचें कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हृद्रोगाची पहिली पायरी हेंच अस्तर बिघडणें ही आहे. तें बिघडलें म्हणजे धमनी हुकमानें रुंदावत नाहीं, चरबी आंत झिरपूं लागते, आणि पुढें वर्षांनुवर्षें तिचे थर सांचत जातात. छातींत दुखूं लागतें तेव्हां ही गोष्ट फार पुढें गेलेली असते.

अस्तराची परीक्षा करण्याची एक साधी युक्ति आहे. दंडाला किंवा मांडीला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून पांच मिनिटें रक्त अडवावयाचें व मग एकदम सोडावयाचें. ओघ सुटतांच धमनी किती रुंदावते, तें यंत्रानें मोजतात. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत हीच परीक्षा केली गेली, व तिचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. कधींहि धूम्रपान न केलेल्या ३१ निरोगी तरुणांना ई-सिगारेटचे सोळा झुरके घ्यावयास सांगितले. विशेष म्हणजे त्या द्रवांत निकोटीन मुळींच नव्हतें. तरीहि मांडींतील धमनीचें रुंदावणें सरासरी ३४ टक्क्यांनीं घटलें, आणि रक्ताचा परमोच्च ओघ १७.५ टक्क्यांनीं कमी झाला. हा परिणाम तात्पुरता असतो. निरोगी देहांत धमनी पुनः पूर्वस्थितीस येते. परंतु जो दिवसांतून वीस वेळां नळी तोंडाला लावतो, त्याची धमनी पूर्वस्थितीस येण्यापूर्वींच पुनः मार खाते. "निकोटीन नसलेली घ्या, म्हणजे झालें," असें सांगणाऱ्यांना या प्रयोगानें उत्तर मिळालें आहे.

इतरत्रहि याच दिशेचे पुरावे आहेत. ग्रीसमधील संशोधकांना २०१६ सालीं असें आढळलें, कीं अर्धा तास ई-सिगारेट ओढल्यावर महाधमनीचा ताठरपणा वाढतो, आणि ती वाढ तंबाखूच्या सिगारेटनंतरच्या वाढीच्या तोडीची असते. लॉस एंजेलिस येथें २०१७ सालीं नित्य ई-सिगारेट ओढणाऱ्यांच्या नाडीची तपासणी झाली. त्यांच्या हृदयाचा लगाम शांत ठेवणाऱ्या मज्जातंतूंकडून चेतविणाऱ्या मज्जातंतूंकडे झुकलेला दिसला. अशा कलाचा संबंध हृद्रोगाच्या धोक्याशीं पूर्वींपासून लावला गेला आहे.

मग ई-सिगारेटनें हृदयविकाराचा झटका येतो, असें सरळ म्हणावें काय? येथें घाई करूं नये. २०१९ सालीं अमेरिकन हृद्रोग संघटनेच्या एका नियतकालिकांत असा निष्कर्ष काढणारा लेख आला, आणि त्याची मोठी चर्चा झाली. पुढें ध्यानांत आलें, कीं ज्यांना झटका आला होता त्यांपैकीं कित्येकांनीं ई-सिगारेट झटक्यानंतर सुरू केली असावी. झटका आधीं कीं नळी आधीं, याचा छडा नीट लावलेला नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्यें नियतकालिकानें तो लेख मागें घेतला. छत्री उघडली म्हणून पाऊस आला, असें ठरविण्यासारखा तो प्रकार होता. हृद्रोग वीस-वीस, तीस-तीस वर्षें आंतल्या आंत वाढतो, आणि ही नळी जगांत पसरून अजून तेवढा काळ लोटलेला नाहीं. सिगारेटविषयींहि असेंच झालें होतें. तिचे भयंकर परिणाम आकड्यांनीं सिद्ध होईपर्यंत दोन पिढ्या तिला निरुपद्रवी समजत राहिल्या. म्हणून आज न्यायानें एवढेंच म्हणतां येतें : रोगाच्या पहिल्या पायऱ्यांवर या नळीचीं पावलें स्पष्ट उमटलेलीं दिसतात, ती किती जणांना शेवटच्या पायरीपर्यंत नेईल, त्याचा हिशेब अपुरा आहे. आणि तो पुरा होईपर्यंत स्वतःचें हृदय तारण ठेवण्यांत शहाणपण नाहीं.

आतां आजोबांचा विचार. त्यांची विडी निरुपद्रवी नाहीं. "सिगारेट वाईट, पण विडी आपली गांवची, पानाची" ही समजूत सर्वत्र आढळते. बावन्न देशांत केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. तींत सुमारें २७ हजार माणसें होतीं. विडी ओढणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता कधींहि तंबाखू न वापरणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांच्या तोडीची. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतहि ती दुपटीहून अधिक होती. विडी सोडून खर्ऱ्याची पुडी सोडणाऱ्या विदर्भवासीयांनीं हा दुसरा आकडा ध्यानांत ठेवावा.

अशा मनुष्यानें विडी पूर्ण सोडून नळी धरली तर? स्कॉटलंडमध्यें डंडी विद्यापीठानें २०१९ सालीं ११४ जुन्या धूम्रपान करणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत, महिन्याभरांत सिगारेटकडून ई-सिगारेटकडे गेलेल्यांच्या धमन्यांचें अस्तर कांहींसें सुधारलें. सिगारेट सुटण्यास निकोटीनयुक्त ई-सिगारेटची मदत होते, असेंहि अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणांतून दिसलें आहे, आणि म्हणूनच इंग्लंडमध्यें डॉक्टर तिच्याकडे त्या दृष्टीनें पाहतात. परंतु व्यवहारांत बहुधा घडतें तें असें : माणूस घरांत नळी ओढतो आणि पारावर विडी ओढतो. वीसाच्या पांच विड्या झाल्या, म्हणून तो समाधान मानतो. हृदय असा त्रैराशिकाचा हिशेब जाणत नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत परीक्षणांत असें दिसून आलें, कीं दिवसास एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषास हृदयधमनीच्या रोगाचा जो अधिक धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या अधिक धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसाव्या हिश्शाचा नव्हे. स्त्रियांत तो सुमारें एक-तृतीयांश असतो. कर्करोगाच्या बाबतींत कमी करण्यानें पुष्कळ साधतें. हृदयाच्या बाबतींत शून्यावर आल्यावांचून फारसें साधत नाहीं.

शिवाय भारतांत या नळीचा मार्ग कायद्यानेंच बंद आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०१९ च्या मे महिन्यांत तिच्यावर पूर्ण बंदी असावी अशी शिफारस केली. त्याच वर्षीं १८ सप्टेंबरला वटहुकूम निघाला व डिसेंबरांत त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचें उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा व जाहिरात हीं सर्व त्यानें वर्ज्य ठरविलीं. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पांच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा करण्यासहि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही. विडी-सिगारेट उघड विकली जाते आणि नळी मात्र वर्ज्य, ही विसंगति खरी आहे, आणि बंदीचे टीकाकार तिच्यावर बोट ठेवतात. त्यावर उत्तर असें दिलें जातें, कीं एक व्यसन रुजलेलें असल्यानें काढणें कठिण, म्हणून दुसरें रुजूंच देऊं नये. वाद कांहींहि असो, बंदीचा एक व्यावहारिक परिणाम गिऱ्हाइकानें समजून घ्यावा. चोरून आलेल्या मालावर काय लिहिलें आहे आणि आंत काय आहे, यांचा मेळ असेल अशी हमी कोणी देत नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंत अशा नळ्या ओढून फुप्फुसें सुजल्याची सांथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ माणसें दगावलीं. मुख्य कारण निघालें तें गांजाच्या अर्काच्या द्रवांत भेसळीसारखें मिसळलेलें 'ई' जीवनसत्त्वाचें एक तेलकट रूप. तें औषध म्हणून गिळलें तर निरुपद्रवी होतें.

उरला नातू. त्याचें वय चोवीस, छाती रुंद, नाडी मजबूत. त्याला कांहीं झालेलें दिसत नाहीं, कारण अस्तर बिघडतांना दुखत नाहीं. दुसरें असें, कीं त्यानें विडी सोडण्यासाठीं नळी धरलेली नाहीं. त्यानें विडी कधीं ओढलीच नव्हती. त्याच्यासाठीं ही नळी व्यसनांतून बाहेर पडण्याची वाट नसून आंत शिरण्याची आहे. पूर्वीच्या निकोटीनचा घसा इतका जळे, कीं नवखा माणूस एक-दोन झुरक्यांत थांबे. अलीकडे तें आम्लाच्या योगानें क्षाररूप करून इतकें सौम्य केलें आहे, कीं मोठी मात्रा सहज आंत जाते. २०१५ सालीं अमेरिकेंत बाजारांत आलेल्या 'जूल' या नळीच्या एका कुपींत सिगारेटच्या एका पाकिटाइतकें निकोटीन असल्याचें खुद्द उत्पादकांनींच सांगितलें होतें. विडी संपते, तेव्हां निदान ती संपल्याचें कळतें. नळीला थोटूक नाहीं, राख नाहीं, वास नाहीं. म्हणून मोजदादहि नाहीं, आणि वडीलधाऱ्यांचा धाकहि नाहीं. सुशिक्षित घरांतील आईबापांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. मुलाच्या टेबलावर पेनासारखें, चार्ज करावें लागणारें व फळासारखा गोड वास येणारें कांहीं दिसलें, तर रागावण्यापूर्वीं विचारपूस करावी. लपविलेलें व्यसन रागानें सुटत नाहीं. तें अधिक खोल लपतें.

मग त्या घरानें करावें काय? प्रथम आजोबांच्या छातींतील दाटण्याची गोष्ट बाहेर आली पाहिजे. चालतांना दाटणें व थांबतांच शमणें ही हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्याची नेहमींची खूण आहे. तिच्यावर नळी हा उपाय नव्हे आणि नुसती विडी कमी करणें हाहि नव्हे. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें अथवा जवळच्या दवाखान्यांत हृदयाचा आलेख व रक्तदाब तपासून घ्यावा. विडी सोडण्यासाठीं निकोटीनचा गम किंवा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतां येते. त्यांतहि निकोटीनच आहे, मग फरक काय, असें कोणी विचारील. फरक वेगाचा व मोजमापाचा आहे. गमांतील निकोटीन हळूहळू, ठराविक मात्रेनें रक्तांत उतरतें. झुरक्यांतलें लोंढ्यासारखें येतें, आणि संवय तो लोंढाच लावतो. गमाची मात्रा उतरवीत नेऊन बंद करावयाची असते. नळीची मात्रा चढत जाते. तंबाखू सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं सरकारनें १८००-११२-३५६ हा विनामूल्य दूरध्वनि ठेवला आहे. तेथें सल्ला व धीर दोन्ही मिळतात.

आणि धीर देण्याजोगी गोष्ट खरोखरच आहे. शेवटची विडी विझल्यावर अर्ध्या तासाच्या आंत नाडी उतरूं लागते. एक-दोन दिवसांत रक्तांतील कार्बन मोनॉक्साईड निघून जातो. वर्षभर एकहि ओढली नाहीं, तर हृदयरोगाचा जो अधिक धोका होता, तो सुमारें निम्म्यावर येतो. चाळीस वर्षांच्या संवयीनंतरहि देह इतकी क्षमा करितो.

नातवानें आणलेली नळी आजोबांनीं नातवालाच परत द्यावी, आणि नातवानें ती ओढण्यासाठीं पुनः खिशांत घालूं नये, हा या सर्व हिशेबाचा निष्कर्ष आहे. विडी आजोबांनीं सोडावयाची आणि नळी नातवानें, असा करार त्या दिवाळींत झाला, तर त्याहून मोठी भेट त्या घरास दुसरी नाहीं. दोघांपैकीं एकट्यालाच सोडणें कठिण जातें; दोघांनीं मिळून सोडलें, तर एक चुकला तर दुसरा सांवरतो. धूर असो वा वाफ असो, हृदयास हवी असते ती स्वच्छ हवा. आणि कामठ्याच्या धानाच्या बांधावर ती अजून फुकट मिळते.